फाटक लावून घ्या

या, आत या, पण बूट पुसून.
चॅपलची लाकडी जमीन काल रात्री मीच पुसलीय.
पिशवी उपडी करा टेबलावर. लाजू नका.
शिट्टी, नकाशा, होकायंत्र, कपाळावरचा दिवा…
आणि हे काय?
हे जाकीट नाही, ही जाकिटाची आठवण आहे.
ग्वेनोराला विचारा, तिच्याकडे जादाचं असेल.
ऊन पडलंय म्हणता?
या दरीत ऊन घाईच्या पाहुण्यासारखं येतं,
चहाचं आधण ठेवेपर्यंत उठून जातं.

नंबर छातीवर लावा. मांडीवर नको, पिशवीवर नको.
वर कड्यावर मेरेरिड उभी आहे, धुक्यात, चष्मा पुसत.
तिला शोधायला लावू नका.

बत्तीस मैल आहेत. एकदाच सांगते.
वाट एका माणसाची आहे आणि तुम्ही दोनशे.
मागच्याने हाक द्यावी, पुढच्याने कड धरावी.
कोपर मारून पुढे गेलेला पुढे गेला
असं आम्ही धरत नाही.
कुणी पडलेलं दिसलं तर घड्याळ विसरा,
तो वेळ आम्ही परत देतो, वहीत लिहून.
पाकिटाचा फाडलेला कोपराही खिशात ठेवा.
केळ्याची साल कुजते म्हणे!
मागच्या वर्षीची एक
मी परवा खडकामागे ओळखली.

मेंढ्या तुमच्या आधीपासून इथल्या आहेत.
कळपातून पळू नका, चाला.
कोकरू डावीकडे, आई उजवीकडे असेल
तर तुमची वाट मधून नाही,
मग नकाशा काहीही म्हणो.

आणि फाटक.
उघडं दिसलं तर उघडं, लावलेलं दिसलं तर लावून घ्या.
मागे कुणीतरी आहेच, असं म्हणून सोडू नका.
प्रत्येकाला वाटतं, मागे कुणीतरी आहेच.
हाउएलच्या चाळीस मेंढ्या अशाच
पोस्टाच्या अंगणात सापडल्या, ट्युलिप खाताना.

हसून झालं? आता शेवटचं.

बारा वर्षांपूर्वी नंबर एकशे सत्तावीस
दुसऱ्या चौकीवर आला, तिसऱ्या चौकीवर आलाच नाही.
संध्याकाळी गारा सुरू झाल्या.
आठ वाजता सव्वीस माणसं वर गेली,
दोर, कुत्री, स्ट्रेचर,
त्यांत माझा एलिदिर.
रात्रभर त्यांनी दगडांना त्या माणसाच्या नावाने हाका मारल्या.

तो बँगोरला होता. घरी. गरम पाण्याच्या टबात.
गुडघा दुखला, खाली रस्त्याला उतरला, गाडी मिळाली,
फोनची बॅटरी संपलेली.
वाईट नव्हता हो. कुणाला सांगावं,
एवढंच सुचलं नाही.

एलिदिर पहाटे आला, दोघांच्या खांद्यांवर.
खुब्याचं हाड.
आता तो शेवटच्या तंबूत लीकचं सूप ढवळतो, बसून.
चांगलं करतो. मीठ मागून घ्या.

तेव्हा थांबायचं असेल तर थांबा.
माघारीला इथे कुणी नावं ठेवत नाही,
मी स्वतः चारदा थांबलेय, दोनदा रडलेय.
पण सांगून थांबा. मला, मेरेरिडला, वाटेतल्या कुणालाही,
आणि तुमचा नंबर या वहीत खोडल्याशिवाय
घरी जाऊ नका.
मी ही वही मिटल्याशिवाय झोपत नाही.

तिसऱ्या फाटकापाशी पिवळ्या रेनकोटातला माणूस दिसेल.
तो तुमचा नंबर दोनदा विचारेल.
चिडू नका, दोनदा सांगा.
अकरा वर्षं येतोय, कुणी बोलावलं नव्हतं.
पहिल्या वर्षी मनुकांचा केक घेऊन आला
आणि त्या दारातच उभा राहिला, भिजत.
मी काही बोलले नाही. मला बोलायचं नव्हतं.
एलिदिर म्हणाला,
आत ये, पण बूट पुसून.

हं. शिट्टी वाजवून दाखवा.
जोरात.
पुढचा.